कुलपाला दिलेलं आवतण

लग्नाचं आवतण द्यायचं काम मी मशीनकडे सोपवलं, तेव्हा आजवर ते काम करत आलेली मावशी आमच्याच ओटीवर बसून चहा पीत होती. मावशी नात्यातली नव्हे, अख्ख्या गावाची. भिवंडीच्या बाहेर, वज्रेश्वरी रस्त्याला लागून आमचं गाव आहे, आणि गावात कुणाचंही लग्न निघालं की आवतण घेऊन घरोघर जायचा मान तिचा. तिच्या आधी तिच्या सासूचा होता. बदल्यात लुगडं, नारळ आणि पहिल्या पंगतीचं पान.

तिची पद्धत ठरलेली. जितकी घरं तितक्या सुपाऱ्या कापडी पिशवीत घालायच्या. दारात उभं राहून सांगायचं, "अमक्याकडं लगीन हाय, चूलबंद आवतण हाय." चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. एवढं सांगून झालं तरी मावशी जागची हलत नाही. आतून कुणीतरी "येतो" म्हणावं लागतं. ते ऐकलं की मग सुपारी त्या माणसाच्या हातावर. दाराला कुलूप असेल तर शेजारी निरोप नाही, उंबऱ्यावर सुपारी नाही. सुपारी पिशवीतच राहते आणि मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. संध्याकाळी पिशवी चाचपली की किती घरं उरली ते कळतं. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि तिच्या हातून आजवर एकही घर सुटलेलं नाही.

पण आता तिचे गुडघे गेलेत. आणि या लग्नाला सहाशे घरं होती, गणेशपुरी-अकलोलीपासून पार कल्याणपर्यंत. लग्न माझ्या धाकट्या भावाचं. थोरलीचं आधी का नाही, हा प्रश्न सहाशेपैकी निदान चारशे घरांनी विचारला असेल. त्याचं उत्तर देणारं मशीन मी अजून बनवलेलं नाही.

"मावशी, या खेपेला तू बस. माझं मशीन करेल सगळं," मी म्हटलं.

"करंल गं. पण तुजं मशीन जबाब घेऊन येतं का?"

मी हसले. शहाण्या माणसाने ओटीवरच्या म्हातारीला हसू नये हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

माझा धंदा असा. भिवंडीतल्या निजामपुऱ्यात एका चाचांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावर, माडीवर माझं ऑफिस आहे. खाली दिवसभर लूम खडखडतात, त्यामुळे माझ्या टेबलावरचा चहा कधी स्थिर नसतो. मालकीण मी, शिपाई मी, आणि चिडून दार आपटणारीही मीच. लग्नाचे हॉलवाले आणि पत्रिका छापणारे यांच्यासाठी मी एक वेबसाइट चालवते. यजमानाने पाहुण्यांची यादी टाकायची, स्वतःच्या आवाजात चार वाक्यं रेकॉर्ड करायची आणि बटण दाबायचं. मग प्रत्येक पाहुण्याला फोन जातो आणि यजमानाचा आवाज त्याला आमंत्रण देतो. वाचता न येणाऱ्या, चष्मा हरवलेल्या, मेसेज न उघडणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांची सोय.

सुरुवातीला बटण दाबलं की वेबसाइटचं ते पान स्वतःच एकामागून एक फोन लावत बसायचं. स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं. माणूस कंटाळून पुन्हा बटण दाबायचा, की पान कोलमडायचं. म्हणून मी रांग बसवली. आमच्या धंद्यात तिला क्यू म्हणतात. आता बटण दाबलं की पान फक्त सहाशे चिठ्ठ्या लिहून रांगेत लावतं आणि "झालं, तुम्ही तुमच्या कामाला जा" म्हणून माणसाला मोकळं करतं. खरं काम मागे चालतं. वर्कर नावाचे प्रोग्रॅम रांगेतून चिठ्ठ्या उचलतात आणि फोन लावतात. माझा एक वर्कर ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि दुसरा भाड्याच्या सर्व्हरवर, जो कोणत्या देशात आहे ते मलाही सांगता यायचं नाही. कुणी दमला तर दुसरा उचलतो. मला या रांगेचा फार अभिमान होता. अजूनही आहे, पण आता मी तो जरा हळू आवाजात सांगते.

त्या सहाशे चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची होती. बाबांच्या थोरल्या भावाची.

मोठे काका गणेशपुरीला एकटेच राहतात. थोडी भातशेती, रस्त्यालगत घर. काही वर्षांपूर्वी आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती, मावशी तापाने पडली होती, म्हणून बाबा स्वतः पत्रिका वाटत सुटले. काकांच्या दाराला कुलूप होतं. बाबांना घाई, पुढे दहा घरं. त्यांनी पत्रिका कुलपाच्या कडीत खोचली आणि निघाले. काका आले नाहीत. बाबांनी कुणाकरवी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आवतण माज्या कुलपाला दिलंय. कुलपालाच जेवाया घाला." तापट माणसं आम्ही. बाबांनी त्यावर काय उत्तर पाठवलं ते मी लिहीत नाही. पण तेव्हापासून दोन भाऊ बोलत नाहीत, आणि दोघांच्याही घरात त्या विषयावर भिंतीसुद्धा बोलत नाहीत.

भावाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र बाबा विरघळले. मुहूर्तमेढ घरातल्या थोरल्याने रोवायची असते. "दादानंच रोवायची," ते एका संध्याकाळी आईला म्हणाले. मी म्हटलं, मग जा की घरी. ते म्हणाले, "आणि परत कुलूप असलं तर?"

म्हणून काकांसाठी वेगळं रेकॉर्डिंग केलं. पहिल्या खेपेला बाबा "सप्रेम नमस्कार विनंती विशेष" म्हणून सुरू झाले. दुसऱ्या खेपेला ग्रामसभेत बोलल्यासारखे बोलले. आठव्या खेपेला मीच ओरडले, "बाबा, काका समोर बसलेत असं समजा ना!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दादा, पोराचं लगीन हाय. मागच्या येळेला माजं चुकलं. मेढ तूच रोवायची. ये." एवढंच. आई आत निघून गेली आणि मी उगाच वायर गुंडाळत बसले.

शनिवारी दुपारी मी बटण दाबलं. मध्ये अर्धा तास निजामपुऱ्यातली लाइट गेली, पण ती तर जातेच. संध्याकाळी यादी पाहिली तर सहाशेच्या सहाशे नावांपुढे हिरवी खूण. मी बाबांना फोनवर दाखवली. काकांच्या नावापुढची हिरवी खूण त्यांनी बोटाने मोठी करून पाहिली.

मग वाट पाहणं सुरू झालं. लोकांचे फोन येत होते, कुणी स्वतः येऊन भेटून जात होतं. काकांकडून काही नाही. गाडीचा आवाज आला की बाबा अंगणात जायचे. मेढ रोवायचा दिवस आला, मुहूर्त टळत आला, तरी ते पहार हातात धरून रस्त्याकडे बघत उभे. शेवटी भटजींनी घाई केली तेव्हा त्यांनी स्वतःच मेढ रोवली. "जाऊ दे," ते म्हणाले, "त्याच्या मनात न्हाय." जेवायला बसले नाहीत. मला काकांचा असा राग आला की विचारू नका. नऊ वेळा रेकॉर्ड करून माझ्या बापाने "माझं चुकलं" म्हटलं आणि हा माणूस साधा जबाब देत नाही!

लग्नाला चार दिवस उरले असताना अकलोलीहून आईच्या मावसबहिणीचा फोन आला. मी उचलला.

"काय गं, गावाला जेवान आनि आमाला आवतण न्हाय?"

"मावशी, तुम्हाला बाबांच्या आवाजात फोन आला ना?"

"तुज्या बाबाचा आवाज ऐकून वरीस झालं."

यादीत तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. मी तशीच ऑफिसला गेले आणि वर्करच्या नोंदी उघडल्या.

चूक शोधायला दहा मिनिटं लागली. वेळ वाचावा म्हणून मी वर्करला एका दमात चाळीस चिठ्ठ्या उचलायची परवानगी दिली होती. आणि उचलल्या उचलल्या तो रांगेला कळवायचा, "पोचलं." रांग बिचारी त्या चिठ्ठ्या खोडून टाकायची आणि यादीवर हिरवी खूण व्हायची. फोन लागायच्या आधीच. शनिवारी ऑफिसातल्या वर्करने चाळीस उचलल्या, तीन फोन लावले आणि लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची म्हणून मी दिवाळीपासून म्हणत होते. उरलेल्या सदतीस चिठ्ठ्या कॉम्प्युटरबरोबर विझल्या. रांगेत नाहीत, वर्करकडे नाहीत, कुठेच नाहीत. आणि सदतीसांत काका.

चाचा चहा घेऊन वर आले होते. मी त्यांना सांगितलं, सांगितलं म्हणजे त्यांच्यासमोर स्वतःला शिव्या घातल्या. ते म्हणाले, "अरे बेटा, लाइट गेली तर आमचा लूम पण थांबतो. पर कापडाचा आधा तागा पुरा झाला असं कोणी लिहितं का?" आणि चहा ठेवून खाली गेले.

बाबांनी पत्रिका कुलपात खोचली आणि काम झालं असं समजून निघाले. मी चिठ्ठी वर्करच्या हातात खोचली आणि तेच केलं. शेत कमी आलं वाट्याला, पण चूक पुरेपूर वडिलोपार्जित आली.

घरी जाऊन सांगायचं मला भय वाटत होतं. बाबा मांडवाच्या कापडाचे गठ्ठे मोजत होते. मी एका दमात सांगून टाकलं, की माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, खूण खोटी होती, काकांना फोन गेलाच नव्हता. आता स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकले.

"म्हंजे," बाबा म्हणाले, "दादाला मिळालंच न्हाय?"

"नाही."

"म्हंजे तो न्हाय म्हणाला न्हाय?"

"त्यांना कुणी विचारलंच नाही बाबा."

बाबा कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. इतकी वर्षं मी प्रोग्रॅम लिहितेय, माझ्या चुकीने इतकं सुखावलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मग ते उठले आणि चपला शोधायला लागले.

मावशीला घरून उचललं. तिने पिशवी घेतली, तीत एक सुपारी टाकली आणि गाडीत बसली. लग्नासाठी ठरवलेली गाडी होती. बाबा पुढे, आम्ही दोघी मागे, माझ्या मांडीवर लॅपटॉप. उरलेल्या छत्तीस घरांनाही आवतण जायला हवं होतं ना! वज्रेश्वरी रस्त्याच्या खड्ड्यांतून मी प्रोग्रॅम दुरुस्त करत होते. आता वर्करने आधी फोन लावायचा, तो उचलला गेला की खूण करायची, आणि खूण झाली की मगच चिठ्ठी रांगेतून काढायची. खूण झाली नाही तर रांगेने तीच चिठ्ठी पुन्हा द्यायची, जास्तीत जास्त आणखी दहा वेळा.

"म्हंजे जबाब येईस्तवर सुपारी पिशवीत," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. गणेशपुरीचा फाटा आला तसं मी बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला. सदतीसच्या सदतीस चिठ्ठ्या रांगेत ढकलल्या होत्या. काकांची बाजूला काढायची राहिली, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

काकांच्या घरासमोर उतरलो. दार सताड उघडं. शेजारची बाई रस्त्यापलीकडे भात वारवत होती. बाबांनी तिला विचारलं, दादा आहे का घरात.

"हायत की. भावाकडचं लगीन कानावर आलं तवापास्नं, दोन-तीन आठवडे झाले, कुठं जात न्हाईत. आमचं सगळ्यांचं झोडून झालं, त्यांचे भारे खळ्यावर तसेच पडल्यात. मी म्हटलं दार वढून घ्या नि या घटकाभर. तर म्हंत्यात, कोन आलं नि कुलूप दिसलं तर?"

बाबा रस्त्यातच उभे राहिले. मावशीने त्यांना कोपराने पुढे ढकललं.

काका आत खाटेवर बसले होते. दुपारी तीनला अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि चेहरा असा कोरा केला की मी तो ओळखला, कारण तोच चेहरा आमच्या घरातही आहे. बाबा उंबऱ्यापाशी थांबले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळी वाट ते काहीतरी पुटपुटत आले होते. मावशीने पिशवीत हात घातला, घसा साफ केला आणि तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यांनी उचलला आणि खोलीत बाबांचा आवाज घुमला. "दादा, पोराचं लगीन हाय. मागच्या येळेला माजं चुकलं. मेढ तूच रोवायची. ये."

काकांनी फोनकडे पाहिलं. मग दारातल्या बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड मिटलेलं. फोन कटला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा फोन. "दादा, पोराचं लगीन हाय..."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन जातोय, उचलला जातोय, पण वर्कर ज्या कप्प्यात खूण करायला जातो तो कप्पाच मी खड्ड्यांच्या नादात बनवायचा विसरले. खूण होत नाही, म्हणून रांगेला वाटतं काम झालं नाही, म्हणून ती तीच चिठ्ठी पुन्हा देते. आणखी दहा वेळा. मी लॅपटॉप आणायला गाडीकडे धावणार, तर मावशीने माझं मनगट धरलं.

"थांब. वाजू दे."

चौथ्यांदा बाबांचा आवाज "ये" म्हणाला, तेव्हा काका खाटेवरून उठले. "आरं येतो! येतो म्हटलं ना! किती येळा सांगशील?" हातात फोन होता, पण ते पाहत होते बाबांकडे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशीने पुढे होऊन सुपारी त्यांच्या तळव्यावर ठेवली. तिच्या लेखी काम संपलं होतं. मशीनच्या लेखी सात फोन बाकी होते. काकांनी चहा टाकला, बाबांनी न विचारता डब्यातून साखर काढून दिली, आणि फोन वाजेल तसा काकांनी प्रत्येक वेळी उचलला आणि प्रत्येक वेळी "येतो" म्हटलं. मी एकदा सांगायला गेले की मशीनला ऐकू जात नाही, तर ते म्हणाले, "जाऊ दे न्हाय तर न्हाय. विचारतंय बिचारं."

बाकी छत्तीस घरांनाही अकरा-अकरा फोन गेले होते. अकलोलीच्या मावशीचा निरोप आला, इतकं बोलावल्यावर यायलाच लागेल बाई. कल्याणच्या एका आजोबांना वाटलं आमच्याकडे काहीतरी विपरीत घडलंय, ते दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर झाले आणि लग्न होईपर्यंत राहिले. खूण करायचा कप्पा मी त्याच रात्री बनवला. बॅटरीही बदलली.

लग्नाच्या दिवशी काका मांडवात मेढीजवळ खुर्ची टाकून बसले होते. रोवताना ते नव्हते, म्हणून सकाळी आल्याआल्या त्यांनी ती हलवून पाहिली आणि पहारीने पुन्हा ठोकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन काढून दाखवत होते. माझ्या मशीनचा तो नंबर त्यांनी बाबांच्या नावाने सेव्ह केला होता. त्याच्याखाली अकरा कॉल, एकाखाली एक.

"माज्या भावानं अकरा येळा बोलावलं. एका दिसात."

मला राहवलं नाही. खरं म्हणजे ती चूक होती, असं सांगायला मी तोंड उघडलं. पहिल्या पंगतीत नव्या लुगड्यात बसलेल्या मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. तिच्या शेजारच्या वाढलेल्या पानावर अजून कुणी बसलं नव्हतं.

बाबा बुंदीचं भांडं घेऊन वाढत होते. ते तिथे थांबले. "अकरा न्हाय, बारा," ते म्हणाले. "मी दारात आलो ते कोन धरणार?"

"ते कसं धरू?" काका म्हणाले. "दारात तू बोललास कुठं? मुक्यावानी उभा व्हतास. बोललं ते मशीन."

आजूबाजूचे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी भांडं खाली ठेवलं, हात उपरण्याला पुसले, आणि सगळ्या मांडवादेखत थोरल्या भावासमोर येऊन उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "पान वाढलंय. जेवायला ये."

काकांनी फोन खिशात ठेवला आणि खुर्चीवरून उठले.

"येतो," ते म्हणाले.